एक हजार तीनशे नव्वदची बॅटरी आणि कडब्याची गंज

मे महिन्याच्या सुरुवातीला मी इम्पॅक्ट ड्रायव्हरसाठी, म्हणजे ठोके देत स्क्रू आवळणाऱ्या बॅटरीवरच्या मशीनसाठी, तीन डुप्लिकेट बॅटऱ्या घेतल्या. दोन ऑनलाइन मागवल्या, एक लातूरच्या दुकानातून आणली. आज त्यातली एक चालू आहे, एकीचे सेल मोकळे करून मित्राकडं दिलेत आणि एक एका शेतकऱ्याच्या ओसरीवर जळाली. पैशाचं नुकसान सोसता येतं. पण त्या ओसरीपासून दहा पावलांवर कडब्याची गंज होती. ती आठवली की अजून पोटात गोळा येतो. म्हणून जे झालं ते आकड्यांसकट लिहितोय.

माझं औसा तालुक्यात फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. गेट, ग्रिल, जिना ही कामं दुकानात होतात, पण उन्हाळ्यातली खरी कमाई पत्र्याच्या शेडची. गोठा, शेळ्यांचं शेड, सोयाबीनची पोती ठेवायची खोली. आमच्या भागात पत्र्याला मान आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माणसं दबली ती दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली. मी तेव्हा शाळेत होतो. डोक्यावर हलकं छप्पर असावं असं इथल्या म्हाताऱ्या माणसांना तेव्हापासून मनापासून वाटतं.

हलक्या छपराला भीती वाऱ्याची. वळवाच्या वावटळीत एक स्क्रू ढिला असला की तेवढ्या जागी पत्रा फडफडतो, भोक मोठं होतं, मग शेजारचा स्क्रू सुटतो आणि एखाद्या रात्री अख्खा पत्रा शेजाऱ्याच्या उसात जाऊन पडतो. म्हणून सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारताना मी भाच्याला एकच गोष्ट सांगतो: वॉशरकडं बघ. खालचं काळं रबर दाबून कडेनं जरासं बाहेर आलं पाहिजे. आलं नाही तर पाणी गळणार, फार चिरडलं तर दोन उन्हाळ्यांत फाटणार. हे जमायला मशीनला शेवटच्या अर्ध्या आट्यात ताकद लागते, आणि ती ताकद बॅटरी देते.

शेतावरच्या कामाला वायरचं मशीन नेऊन भागत नाही. लाईन पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. घरच्या मीटरवरून शंभर-दीडशे पावलं वायर ओढली तर होल्टेज पडतं आणि शिडीवरच्या माणसाच्या पायात ती वायर येते ती वेगळीच. माझ्याकडं एका नावाजलेल्या जपानी कंपनीचं १८ व्होल्टचं मशीन आहे. त्याच्यासोबत आलेल्या ५ अँपिअर-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) दोन बॅटऱ्यांवर चार वर्षं धंदा केला. एप्रिलच्या शेवटी त्यातली एक बसली. नवीन ओरिजिनलचा भाव विचारला, साडेसहा हजार. हंगाम तोंडावर, लोखंडात पैसा अडकलेला, दोन शेतकऱ्यांकडची उधारी सोयाबीन विकल्याशिवाय यायची नाही. तेव्हा मोबाईलवर १,३९० रुपयांची बॅटरी दिसली. रंग तोच, खाच तीच, वर मोठ्या अक्षरात ६.० अँपिअर-अवर. दोन मागवल्या. पुढच्या आठवड्यात लातूरला एका ओळखीच्या दुकानात गेलो तेव्हा २,४०० ला अजून एक घेतली, तिच्यावर ४.० लिहिलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "मिस्त्री, ही वापरून बघा. ओरिजिनलसारखी नाही, पण फसवणार नाही." त्याचं म्हणणं किती खरं निघालं ते पुढं सांगतो.

ऑनलाइनवाल्या आल्या त्या दिवशी भाच्यानं खोकं उघडलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "मामा, ही लई हलकी लागायलीय." मी लक्ष दिलं नाही. तेव्हाच वजन केलं असतं तर तिथंच कळलं असतं. नंतर शेजारच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवल्या: माझी जुनी ५ अँपिअर-अवरची ओरिजिनल ६३० ग्रॅम, नवीन ६ लिहिलेली ४१० ग्रॅम, आणि लातूरची ४ लिहिलेली ५९० ग्रॅम.

या वजनाचा अर्थ समजून घ्या, कारण खोकं न फोडता खरेदी करणाऱ्याला करता येणारी ही सगळ्यात सोपी तपासणी आहे. या बॅटरीच्या आत गोल सेल असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. एकाचं वजन साधारण ४५ ते ४८ ग्रॅम. एक सेल ३.६ व्होल्टचा, पाच एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट. पूर्ण चार्ज झाला की सेल ४.२ ला जातो, म्हणजे पाचांचे २१. बाजारात कुणी १८ लिहितो, कुणी २०, कुणी २१, माल एकच. जत्रेत आणि आठवडी बाजारात ४८, ८८ असले आकडे छापलेले ड्रिल मिळतात, त्यांच्यातही बहुतेक वेळा हेच पाच सेल असतात. आता अँपिअर-अवर. मोठा करंट देणारा चांगला सेल अडीच ते तीन अँपिअर-अवरचा येतो. मोठ्या खोक्यात पाच-पाचच्या दोन रांगा, दहा सेल, तेव्हा पाच किंवा सहा. तेवढ्याच खोक्यावर नऊ किंवा बारा लिहिलेलं असेल तर तो आकडा फक्त स्टिकरवर आहे. आणि माझ्या ४१० ग्रॅममधून प्लास्टिकचं वजन वजा केलं तर दहा सेल बसतच नाहीत. पाचच.

कामाला लावल्यावर पहिला फरक आवाजात कळला. ओरिजिनलवर इम्पॅक्टचा ठोका एकसारखा, भरीव पडतो. नवीन बॅटरी लावली की पहिले दहा-पंधरा स्क्रू तोच आवाज, मग ठोके पातळ व्हायला लागतात आणि स्क्रू पाईपमध्ये शिरताना मशीन गुरगुरतं. जुन्या बॅटरीवर २ मिलिमीटरच्या चौकोनी पाईपात एका चार्जिंगला सव्वादोनशे तरी स्क्रू बसतात. हिच्यावर पहिल्या दिवशी ६२ बसले, दुसऱ्या दिवशी ५५. आणि त्यातले शेवटचे आठ-दहा नीट बसलेलेच नव्हते. वॉशरखाली नख जात होतं. ते सगळे संध्याकाळी जुन्या बॅटरीवर परत आवळले. हे मला सगळ्यात जास्त लागलं. बॅटरी लवकर उतरली तर माणूस थांबतो, दुसरी लावतो. पण उतरता उतरता काम कच्चं करत असेल आणि खालून बघणाऱ्याला ते दिसत नसेल, तर माझ्या नावावर एक गळकं छप्पर जमा होतं.

मीटर लावला तर २०.४ व्होल्ट. म्हणजे भरलेली. मशीनचं बटण दाबलं की बिचारी आपटते. हे का होतं ते लातूरच्या मित्रानं नंतर समजावलं, तोवर मला मीटरच खोटा वाटत होता.

दोनपैकी एक बॅटरी ओरिजिनल चार्जरनं घेतलीच नाही. लाल-हिरवा दिवा आळीपाळीनं लुकलुकायला लागला. विकणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर आलं, कंपनीचा चार्जर बाहेरच्या बॅटऱ्या अडवतो, आमचा चार्जर घ्या. ४५० रुपयांना तोही घेतला. बारकी काळी डबी, एकच दिवा, ना पंखा, ना तिसरी पिन. तिच्यावर ती बॅटरी लगेच चार्ज व्हायला लागली आणि मला वाटलं प्रश्न मिटला. चार्जर नाही म्हणत होता ते बरोबर होतं. तिथंच थांबायला हवं होतं, ही चूक माझी.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका वस्तीवर गोठ्याचं काम चाललं होतं. पारा ४३ वर. पत्र्यावर हात टेकवत नव्हता, आम्ही ओलं गोणपाट टाकून त्यावर गुडघे ठेवत होतो. जेवणाच्या आधी एक ओळ संपवायची म्हणून मी घाई केली. बॅटरी मध्येच बंद पडली. काढायला गेलो तर खाचेतून निघेना, फुगल्यासारखी घट्ट. जोर लावून ओढली तेव्हा हातमोज्यातून चटका बसला आणि मशीनच्या टोकांपाशी काळं प्लास्टिक वितळून एक बारीक मणी लोंबत होता. मी बॅटरी खाली भाच्याकडं टाकली आणि म्हणालो, चार्जिंगला लाव, दुसरी दे. पोरानं सांगितलं तसं केलं. घराच्या ओसरीवर बोर्ड होता, तिथं गोणपाटावर ती ठेवून काळ्या डबीला जोडली.

वीसेक मिनिटं झाली असतील. घरात फक्त म्हाताऱ्या आजी होत्या, बाकी सगळे लग्नाला गेलेले. त्या ओसरीवर तूर पाखडत बसल्या होत्या. त्यांनीच आवाज दिला, "अरे लेकरांनो, काय तरी करपायलंय बघा. गोडसर वास यायलाय." भाचा पळत गेला. मी शिडीवरून उतरेपर्यंत त्यानं बोर्डाचं बटण बंद केलं होतं, पण बॅटरीतून फुस्स असा आवाज येत होता, कुकरची शिट्टी सुटायच्या आधी येतो तसा. मग पांढरा दाट धूर. आणि त्या धुरातून वीतभर लांबीची ज्वाळा आडवी बाहेर आली, गॅसच्या शेगडीच्या नळीतून यावी तशी. गोणपाट पेटलं.

आजींना धरून मागच्या दारानं बाहेर काढलं. भाच्यानं फावड्यानं बॅटरी गोणपाटासकट अंगणात लोटली. दुपारचा वारा गंजीकडंच वाहत होता. गंजीच्या खालच्या पेंढ्या मला अजून दिसतात, पिवळ्या, कोरड्या, नुसती ठिणगी मागणाऱ्या. जनावरांच्या हौदातून बादल्यांवर बादल्या ओतल्या. एक सेल विझला असं वाटायचं आणि दुसरा फुटायचा. एकूण तीनदा झालं. नंतर अर्धा तास मी बादली घेऊन तिथंच उभा होतो, कारण गप्प झालेल्या बॅटरीवर माझा विश्वास उरला नव्हता.

नुकसान म्हणाल तर एक गोणपाट, एक प्लग, ओसरीच्या शहाबादी फरशीवर ताटाएवढा काळा डाग. पण ती गंज म्हणजे त्या घरातल्या चार जनावरांचा पावसाळ्यापर्यंतचा चारा होता. दुष्काळात कडब्याची पेंढी कितीला जाते आणि पैसे असूनही कशी मिळत नाही, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळी घरधनी आले. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मिस्त्री, आई एकटी होती." एवढंच. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसरी बॅटरी, जिला ओरिजिनल चार्जर घेत होता, ती मी त्याच रात्री वापरातून काढली आणि लातूरला एका मित्राकडं नेली. तो ई-बाईकच्या बॅटऱ्या बांधतो. त्याच्याकडं सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला सेलच्या आतच होणारा अडथळा, मोजायचं मीटर आहे, स्पॉट वेल्डिंग आहे, आणि मुख्य म्हणजे धीर आहे. घरी स्क्रू खोलून कुणी हा प्रयोग करू नका. आतल्या पट्ट्यांना पेचकस टेकला की वेल्डिंगसारखी ठिणगी उडते.

झाकण काढल्यावर आधी दिसलं ते रिकामेपण. दहा सेलची जागा, सेल पाच. उरलेल्या पाच घरांत काहीही नाही. सेलवर नवंकोरं निळं वेष्टन, पण ब्लेडनं ते सोलल्यावर टोकांवर जुन्या स्पॉट वेल्डिंगचे ठिपके निघाले, खरडून पुसलेले. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी बॅटरीतून उपटून काढलेले सेल. मित्रानं एकेक सेल मोजून कागदावर लिहिला, तो कागद माझ्याकडं आहे. होल्टेज ३.७१, ३.७०, ३.६८, २.३६, ३.७२. चौथा बघा. आणि अंतर्गत रोध मिलिओहममध्ये ४८, ५१, ५५, ११२, ६२.

माझ्या मीटरवर भरलेली दिसणारी बॅटरी मशीनला लावली की का आपटते, त्याचं उत्तर या दुसऱ्या ओळीत आहे. या पाचांची बेरीज ३२८ मिलिओहम. स्क्रू मारताना मशीननं १५ अँपिअर ओढले तर बॅटरीच्या आतच जवळजवळ ५ व्होल्ट खाल्ले जातात आणि ७० वॅटच्या वर उष्णता तयार होते. माझं सोल्डरिंगचं आयर्न २५ वॅटचं आहे. म्हणजे मुठीएवढ्या बंद प्लास्टिकच्या डब्यात तीन सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. चांगल्या सेलचा रोध २० च्या आसपास, त्यात दोन रांगा म्हणून निम्मा होतो, तिथं एवढ्याच कामाला १०-११ वॅट. फरक कितीचा आहे ते बघा. वर ४३ अंशांचं ऊन.

चौथ्या सेलची गोष्ट याहून वाईट. पाचही सेल बरोबरीनं भरतात की नाही हे बघणारी सर्किटची पट्टी आत असावी लागते. ती नसली आणि एक सेल मागे राहिला तर चार्जरला ते कळत नाही, तो फक्त एकूण २१ व्होल्ट झाले की थांबतो. समजा हा लंगडा सेल ३.९ वरच अडकला, तर २१ गाठण्यासाठी बाकीच्या चौघांना ४.२७ पर्यंत जावं लागतं. त्यांची हद्द ४.२. आणि काम करताना उलटं, चांगले सेल मशीनला करंट देत राहतात आणि लंगडा सेल शून्याकडं ओढला जातो. दर चार्जिंगला दरी वाढते. जळालेल्या बॅटरीत नेमकं हेच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, तिच्यात मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण एकाच खोक्यातून आलेली तिची जोडीदार अशी होती.

मग मित्रानं भिंग माझ्या हातात दिलं आणि सर्किटवर एक जागा दाखवली. तिथं थर्मिस्टर हवा, म्हणजे तापमान मोजणारा मणी, जो सेलला चिकटलेला असतो. ओरिजिनल चार्जर त्याच्याकडून बॅटरीचा ताप विचारतो. तापलेली असली तर दिवा लावून थांबतो, पंखा फिरवतो, गार झाल्यावरच चार्जिंग सुरू करतो. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये हा नियम तो पाळतो. आमच्या बॅटरीत त्या जागी एक साधा रेझिस्टर, म्हणजे ताप कितीही असला तरी एकच ठरलेला रोध दाखवणारा तुकडा, टाचलेला होता, तांदळाच्या कणीएवढा. बॅटरी आत होरपळत असली तरी तो चार्जरला एकच उत्तर देणार: गार आहे, गार आहे.

स्वस्तात बनवताना कमी सेल घालणं मी समजू शकतो. जुने सेल घालणं हीसुद्धा बाजारातली ओळखीची चोरी. पण हा रेझिस्टर कुणी चुकून लावत नाही. चार्जर धोका ओळखेल हे ज्याला ठाऊक होतं, त्यानं चार्जरचं तोंड बंद करायला तो लावला. मी लोखंडात काम करतो. कमी गेजचा पाईप घालून पैसे वाचवणारे मिस्त्री मला माहीत आहेत, पण जोड कच्चा आहे हे कळू नये म्हणून वर पुट्टी भरून रंग मारणारा वेगळा. त्याच्या शेडखाली माणसं बसणार असतात.

जाता जाता मित्रानं एक उपयोगी गोष्ट दाखवली. सेल जोडणारी पट्टी शुद्ध निकेलची असावी लागते, स्वस्तात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी वापरतात, तिचा रोध जास्त आणि ती गंजते. लोहचुंबक लावून फरक कळत नाही, दोन्ही चिकटतात. ग्राइंडरच्या चाकाला टेकवली तर लोखंडी पट्टी ठिणग्या टाकते, निकेल टाकत नाही. आमच्या पट्टीनं दिवाळीच्या फुलबाजीसारख्या ठिणग्या टाकल्या.

आता लातूरच्या दुकानातली २,४०० ची. तिच्याबद्दल न्यायानं लिहिलं पाहिजे. वजनात खरी, मित्रानं न उघडता बाहेरून मोजली तर रोध ओरिजिनलच्या दुपटीच्या आतच भरला. एका चार्जिंगला १३० ते १४० स्क्रू, आणि शेवटचा स्क्रूही नीट बसतो, मग मशीन स्वच्छ थांबतं. ओरिजिनल चार्जर तिला घेतो आणि तापलेली दिली तर थांबवतोही, म्हणजे आत खरा थर्मिस्टर आहे. तिच्या पोटावर भारतीय मानकाचा क्रमांक आयएस १६०४६ आणि त्याखाली आर नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता. हा क्रमांक बीआयएस केअर या भारतीय मानक ब्यूरोच्या ॲपमध्ये टाकला तर उत्पादकाचं नाव आणि माल दोन्ही जुळले. ऑनलाइनवाल्यांवर इंग्रजी अक्षरांची पाच-सहा चिन्हं होती, हा क्रमांक मात्र नव्हता. तिचा दोष खाचेत आहे. मशीनवर ती जराशी सैल बसते, इम्पॅक्टच्या हादऱ्यानं टोकं घासतात, महिन्याभरात पितळ काळं पडलं. मी आठवड्याला बारीक पॉलिश पेपर फिरवतो. ग्राइंडरला ती मी लावत नाही, ग्राइंडर एकसारखा मोठा करंट ओढतो आणि सैल टोक तिथं तापणार.

हिशोब सांगतो. दोन बॅटऱ्यांचे २,७८०, काळ्या डबीचे ४५०, मशीनची वितळलेली टोकं बदलायला ७००, आणि त्या दुपारपासून बंद राहिलेल्या एका दिवसाची दोन माणसांची हजेरी १,६००. झाले ५,५३०. परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती उलटून गेलेली. विकणाऱ्यानं फोटो पाहून आधी लिहिलं की तुम्ही चुकीचा चार्जर वापरला. चार्जर त्यांचाच होता. मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन केला, बिल, वजनाचा फोटो, उघडलेल्या सेलचा फोटो दिला. तीन आठवड्यांनी एका बॅटरीचे १,३९० खात्यावर आले. म्हणजे ४,१४० गेले, आणि ओरिजिनल बॅटरी तर शेवटी घ्यावीच लागली. मृग लागायच्या आत तो गोठा पुरा करायचा शब्द दिला होता. नवीन ओरिजिनल लावून दोन दिवसांत केला. जुने सगळे स्क्रू परत एकदा आवळले, ११ ढिले निघाले.

ज्यांच्याकडं अशा बॅटऱ्या आधीपासून आहेत त्यांच्यासाठी थोडं. मशीनवरून काढलेली बॅटरी तळहाताला कोमट लागेपर्यंत सावलीत ठेवा, मगच चार्जिंगला लावा. उन्हात उभ्या टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. रात्री झोपताना, घरात, गादी किंवा कडब्याजवळ चार्ज करू नका. फुगलेली, पडलेली, गोडसर वास येणारी बॅटरी परत लावून बघायचीच नाही. पेटलीच तर धुरापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून भरपूर पाणी. ज्वाळा विझली तरी आतले सेल गार व्हायला हवेत, म्हणून तांब्याभर पाण्यानं काही होत नाही. अर्थात आधी चार्जरची लाईन बंद.

आणि मेलेली बॅटरी भंगारात घालू नका. आमच्या गावात भंगारवाल्याची लेकरं तांब्यासाठी काहीही हातोडीनं फोडतात. ही फोडली तर काय होईल ते मी पाहिलंय. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर ती परत गोळा करायची जबाबदारी टाकली आहे, पण ज्या खोक्यावर पत्ताच नाही त्याच्या मालकाला शोधायचं कुठं? माझ्या मित्राकडून पुनर्वापरवाले सेल घेऊन जातात, माझे पाच सेल टोकांना चिकटपट्टी लावून त्याच्याकडं दिले. जळालेली बॅटरी रंगाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात वाळू भरून दुकानाच्या मागे ठेवली आहे, त्याची पुढची गाडी आली की तीही जाईल.

ऑनलाइनच्या १,३९० वालीला मी एकही तारा देत नाही. लातूरच्या २,४०० वालीला तीन, आणि तेही हलक्या कामासाठी. सध्या ती ब्लोअरला आणि साईटवरच्या दिव्याला असते. चार्जिंगला दुकानाबाहेर शहाबादी फरशीवर, आजूबाजूला काही नसताना, आणि मी किंवा भाचा समोर बसलेला असतो तेव्हाच. परवा भाचा चहाला उठला तर जाताना आधी प्लग काढून गेला. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.